पत्र्याखालची जोडी

पुण्याहून निघताना आमच्या संघटनेच्या सचिवांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली: मुलगी उंच आण. बाजारातून दुधी आणायला सांगावा, तसं. मी देशाच्या महिला संघात बॅडमिंटनची दुहेरी खेळते, आणि त्या संघात आता माझ्याएवढं वय कुणाचंच उरलेलं नाही. सदतीस म्हणजे म्हातारी, हे त्यांचं गणित, माझं नव्हे. पण वरून ठरलं होतं की ज्येष्ठांच्या जागी आता नवी रोपं लावायची, आणि ती रोपं शोधत जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडायचं कामही ज्येष्ठांनीच करायचं. म्हणजे आपला खड्डा आपणच खणायचा, वर फावडंही घरून न्यायचं.

माझ्या वाट्याला जालना जिल्हा आला. एका जिल्ह्यातून एकच मुलगी, एकोणिसाच्या आतली, उंच आणि मागून दणकून स्मॅश मारणारी. तिला पुण्यातल्या राष्ट्रीय शिबिरात जागा मिळणार, आणि शिबिराच्या शेवटी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार, हेही सचिवसाहेबांनी गोड आवाजात सांगून टाकलं. आपल्याकडे माणसाला घालवायचं असलं की त्याच्या अंगावर शाल घालतात. मी म्हटलं, बघू. किट खांद्यावर टाकलं आणि गाडीत बसले.

सकाळी जालन्याला उतरले. स्टेशनाबाहेर आलं की आधी दिसतात त्या बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या. कपाशीची हिरवीगार बोंडं, मक्याची हसरी कणसं, आणि त्यांच्याखाली बँका, आडती, चहाच्या टपऱ्या, वाट्टेल तशा लावलेल्या मोटारसायकली. एका रिक्षावाल्याने माझी भलीमोठी बॅग बघून विचारलं, मॅडम, कोणत्या कंपनीच्या? बाहेरगावचा माणूस मोठी बॅग घेऊन उतरला की तो बियाण्यांचाच, हे इथे पक्कं. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटलं. मग त्याने स्वतःहून मला 'जालना, सोने का पालना' ही म्हण ऐकवली आणि इथे आलेला माणूस उपाशी जात नाही अशी हमी दिली. मी त्याच्याशी बोलत होते तेवढ्यात मागून कुणीतरी शिट्टी फुंकली.

ते बशीर सर. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शाळेत खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, अंगात निळा ट्रॅकसूट, आणि मोटारसायकलवर माझ्यासाठी मागच्या सीटवर घातलेली नवीकोरी चादर. याच गृहस्थांनी आपल्या दोन मुलींच्या खेळाचे व्हिडिओ पाठवून पाठवून संघटनेच्या लोकांचा जीव नकोसा केला होता. शेवटी 'एकदाचं कुणीतरी जाऊन या' म्हणून मला धाडलं गेलं. सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की मी टीव्हीवर जाड दिसते. मी म्हटलं, सर, टीव्हीवर मी जिंकतेसुद्धा. ते म्हणाले, कमी. इथेच आमचं जमलं.

भोकरदनच्या रस्त्याने गाडी निघाली. डिसेंबरचं ऊन पाठीला बरं वाटत होतं. दोन्हीकडे कपाशी उभी होती, बाया वेचणीला वाकलेल्या, बांधावर कापसाची बोचकी. मोकळ्या रानातला वारा असा की सरांचं बोलणं अर्धं माझ्या कानात, अर्धं पार शेजारच्या जाफराबादेत. सर मोठ्याने सांगत होते की उघड्यावर नेट बांधून त्यांनी खूप खटपट केली, पण या वाऱ्यात फूल (शटलला इकडे सगळे फूलच म्हणतात) मारावं पूर्वेला आणि जावं पश्चिमेला. म्हणून मग त्यांनी छप्पर शोधलं. ते छप्पर मला दाखवायची त्यांना भारी घाई झालेली. त्या घाईत एका वळणावर कापसाने ओसंडलेला टेम्पो आडवा आला, सरांनी ब्रेक दाबला, आणि माझं किट उडून थेट नाल्यात. पाणी नव्हतं म्हणून बरं. चिखल होता. दोन रॅकेट चिखलाच्या, एक शाबूत.

हसनाबाद मोठं गाव आहे. बाजारपेठ, शाळा, मशीद, मारुती, आणि गावाच्या टोकाला एक बंद पडलेलं जिनिंग (सरकी वेगळी करून कापसाच्या गाठी बांधायची जागा). यंत्रं केव्हाच गेली. आता गावातला एक व्यापारी तिथे कापूस भरून ठेवतो. आत शिरले तर तीन बाजूंना छातीएवढे कापसाचे ढीग, हवेत तरंगणारे तंतू, सरकीचा तेलकट वास, आणि मधोमध चुन्याने आखलेलं कोर्ट. वर बघितलं आणि माझं डोकं फिरलं. पत्रा इतका खाली की कोर्टावर उभ्या दोन मुलींतल्या उंच मुलीने उडी मारली असती तर रॅकेट तुळईला लागली असती.

ऋतुजा ही त्यातली उंच. मूळची गोदावरीकाठच्या शहागडची, शाळेसाठी हसनाबादला मावशीकडे राहणारी. कमी बोलणारी, लांब हातांची, बघताक्षणी सचिवसाहेब खूश होतील अशी. दुसरी नाझनीन. तिच्या खांद्यालाही न लागणारी. गावातल्या पिंजाऱ्याची (गाद्या-रजया भरणाऱ्याची) मुलगी. तिचं तोंड तिच्या हाताइतकंच चालतं. माझ्या पाया पडताना ती ऋतुजाच्या कानात काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणालीस? तिने न लाजता सांगितलं की मॅडमचा उजवा पाय जरा जड वाटून राह्यला. तो जड आहेच. पण ते आमच्या फिजिओलासुद्धा कळायला वर्ष लागलं होतं.

मी म्हटलं, खेळूया. मी आणि बशीर सर एकीकडे, त्या दोघी दुसरीकडे. मनात होतं की पाहुणी म्हणून चार गुण द्यावेत, कौतुक करावं, आणि संध्याकाळच्या एसटीने जालना गाठावं.

तसं काही झालं नाही. दुहेरीत कोंडीत सापडलं की आमचा हात आपोआप वर जातो. शटल उंच मागे फेकायचं, श्वास घ्यायचा, जागेवर यायचं. मी फेकलं की ठण्ण. पत्रा. गुण गेला. पुन्हा कोंडी, पुन्हा हात वर, पुन्हा ठण्ण. त्या दोघी मात्र शटल वर जाऊच देत नव्हत्या. नेटच्या दोरीला घासून, छातीवर, कमरेवर, सपाट, जलद. पुढे नाझनीन, मागे ऋतुजा. एकीने सोडलं की दुसरीचा हात तिथे आधीच. एकमेकींकडे बघत नव्हत्या, हाका मारत नव्हत्या. मला शटल दिसायच्या आत ते माझ्या पोटात येत होतं.

मी हरले. शाळकरी पोरींकडून, कापसाच्या वखारीत. तळपायाची आग मस्तकात गेली. मी रॅकेट टेकवून बशीर सरांना सुनावलं की हे बॅडमिंटन नव्हे, ही पत्र्याची कसरत आहे. उंच टॉस नाही, मागून स्मॅश नाही, हा खेळ मी शिबिरात काय म्हणून दाखवू? सर घाम पुसत माझ्याच बाजूला उभे होते. शांतपणे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मुली हसल्या. मग मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण खरं सांगते, आमच्या शिबिरात सध्या जेवढ्या जोड्या आहेत, त्यातल्या एकीचेही हात नेटजवळ असे चालत नाहीत. माझेही नाहीत. मला त्यांचा हेवा वाटला.

एसटी हुकली ती हुकलीच. रात्री मी नाझनीनच्या घरी राहिले. तिच्या आईने मला नवी रजई दिली, इतकी भरलेली की कूस बदलायला जोर लावावा लागे. सकाळी त्या माउलीने खिचडी-खट्टा वाढला. मसुरीची पिवळी खिचडी, वर खट्टा (चिंच आणि तिळाचं थंड, आंबट कालवण), सोबत पापड. मी तीनदा घेतला. खाता खाता मी सांगून टाकलं की मला एकच मुलगी न्यायची मुभा आहे, आणि बहुतेक उंचीमुळे ऋतुजा जाईल. आडवळणाने बोलणं मला येत नाही. नाझनीन ताटाकडे बघत राहिली. तिच्या आईने माझ्या ताटात आणखी खिचडी घातली आणि म्हणाली, "दोनो जाते तो जाते, बाई. नै तो नक्को." तिचं म्हणणं एवढंच होतं की एवढ्या मोठ्या शहरात एकटी पोर पाठवायची नाही. आपली तर नाहीच, पण ऋतुजाही तिला आपलीच वाटत होती.

मला पत्र्याखालचा खेळ खऱ्या छपराखाली बघायचा होता. त्या दिवशी जालन्याच्या इनडोअर हॉलमध्ये बाहेरगावच्या एका अकादमीच्या मुली सरावाला आल्या होत्या. बशीर सरांनी कुणाच्या तरी ओळखीने एक सामना जमवला. शाळेतली काही मुलं, दोन शिक्षक, नाझनीनचे वडील, असे टेम्पो करून आले. अकादमीच्या मुली उंचपुऱ्या, एकसारख्या पोशाखातल्या, बुटांना धूळ नसलेल्या.

पहिल्याच रॅलीत गंमत झाली, आणि ती गंमत मला अजून टोचते. समोरच्या मुलीने अडचणीत सापडून शटल उंच फेकलं. अगदी साधा, पाठ्यपुस्तकातला टॉस. नाझनीन ओरडली, "पत्रा." आणि दोघींनी खेळ थांबवला. दोघी वळल्या, ऋतुजा शटल उचलायला वाकायच्या बेतात, आणि शटल निवांत खाली येऊन तिच्या मागे कोर्टात पडलं. वखारीत एवढं वर गेलेलं शटल पत्र्याला लागतंच. गुण तिथेच संपतो. त्यांच्या डोळ्यांनी ते इतक्या वर्षांत पक्कं केलं होतं. छप्पर उंच आहे हे त्यांना माहीत होतं हो, पण अंगाला माहीत नव्हतं.

हॉल हसला. पुढच्या रॅलीत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ऋतुजा थांबली आणि नाझनीन थांबली नाही, आणि दोघी एकमेकींवर आदळल्या. समोरच्या मुलींना गंमत कळली आणि त्यांनी प्रत्येक शटल आभाळात फेकायला सुरुवात केली. बाकांवरून कुणीतरी 'पत्रा, पत्रा' असा ठेका धरला. बशीर सर शिट्टी दातात धरून बसले होते. मला त्या ठेका धरणाऱ्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता, आणि स्वतःलाही, कारण या मुलींना इथे उभं केलं होतं ते मीच.

नाझनीनच्या हातात सर्व्हिस आली. तिने शटल खाली धरलं, रॅकेट कमरेवर टेकवली आणि बाकांकडे तोंड करून उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "हसून झालं की सांगा. मंग सर्व्हिस करते."

पंच तिला खेळ सुरू कर म्हणून खुणावत होता. ती हलली नाही. हॉल गप्प झाला तेव्हा तिने सर्व्हिस केली.

तो गेम त्या हरल्या. पण दुसऱ्या गेमच्या आधी दोघी नेटपाशी डोकं लावून काहीतरी बोलल्या, आणि मग मी जे बघितलं ते सांगते. त्यांनी समोरच्यांना उंच फेकायला वेळच देणं बंद केलं. उंच फेकायला शटलखाली रॅकेट न्यावी लागते. त्यांनी शटल असं खांद्यावर, बगलेत, मनगटात मारायला घेतलं की समोरचीला रॅकेट खाली नेताच येईना. जे पत्र्याने त्यांना शिकवलं होतं, ते त्यांनी बिनपत्र्याच्या हॉलमध्ये दुसऱ्यांवर लादलं. अकादमीच्या मुलींचे चेहरे पडले. बाकांवरचे पुढे सरकून बसले. सामना त्यांनी गमावलाच, थोडक्यात, कारण शेवटी शेवटी दोन-तीन उंच शटलांनी त्यांचा घात केला. पण उंच शटल खेळायला मी कुणालाही शिकवू शकते. खालचा तो खेळ शिकवायला मला एक जन्म पुरणार नाही.

मी एक प्रयोग केला. ऋतुजाला अकादमीतल्या सगळ्यात चांगल्या मुलीबरोबर खेळवलं. विरस. ऋतुजा ज्या जागा सोडून देई, तिथे ती दुसरी पोहोचेना. नाझनीनला दुसरीबरोबर उभं केलं, तर ती एकटीच सगळीकडे धावायला लागली. पुन्हा दोघींना एकत्र ठेवलं आणि खेळ परत जिवंत झाला. या दोन मुली नव्हत्या. ही एक जोडी होती. तेवढ्यात सचिवसाहेबांचा फोन आला. कुणीतरी त्यांना हॉलमधली चित्रफीत धाडली होती. त्यांनी फैसला करून टाकला होता: ती उंच घे, ठेंगणी सोड, इथे आपण तिला चांगली जोडीदार देऊ. उंटावरून शेळ्या हाकायची ही हौस मला फार वर्षांची माहीत आहे. मी म्हटलं, आधी ऋतुजाच्या वडिलांना भेटते.

बशीर सरांच्या मागे बसून अंबडमार्गे शहागडला गेले. अंबड सोडलं की मोसंबीच्या बागा लागतात, आणि गोदावरी जवळ येत जाते तसा ऊस दाट होतो. शहागड नदीच्या काठावरच, आणि हमरस्ता गावाला घासून जातो. रात्रंदिवस ट्रक. ऋतुजाच्या वडिलांची थोडी शेती आहे, पण ते बसतात रस्त्यालगतच्या आपल्या हॉटेलात (म्हणजे चहा-जेवणाच्या टपरीत). एका कढईत नदीचे मासे तळत होते, दुसऱ्या चुलीवर बाजरीच्या भाकरी. ड्रायव्हर मंडळी बाजेवर बसून जेवत होती. आम्हालाही न विचारता ताट आलं. मासे इतके ताजे आणि इतके तिखट की बशीर सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते 'कुछ नहीं, कुछ नहीं' म्हणत काटे काढत राहिले.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. दिल्लीचं नाव घेतलं, परदेशातल्या स्पर्धा सांगितल्या, संघाला आता नव्या मुली हव्या आहेत, आम्ही जुन्या आता संपत आलो, असंसुद्धा म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, नाझनीनचं काय? मी म्हटलं, जागा एकच आहे.

ते कढईतला झारा खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसले. "ताई, दोन साल झाले, ऋतुजाची मावशी आजारी पडून घरी बसली. तवापासून माझी पोरगी नाझनीनच्या आईच्या चुलीवर जेवून राह्यली. एक दिवस त्या बाईनं तोंड वाकडं केलं न्हाई. आता तिची पोरगी मागं ठिवून माझी पुढं धाडू? मंग हसनाबादला मी कोणतं तोंड दाखवू?"

मी म्हटलं, भाऊ, ही संधी पुन्हा येत नाही. ते म्हणाले, नसू दे. बिलकुल राग नव्हता आवाजात. मग ते पुढे म्हणाले की दोघींना बोलवा, दोघींना सोडायला मी स्वतः येतो, खर्चाचं मला सांगू नका. आणि उठून मासे उलटायला गेले. बोलणं संपलं होतं.

मला खरंतर त्यांचा राग यायला हवा होता. आला तो सचिवसाहेबांचा. दोन घरं, एक पिंजाऱ्याचं आणि एक हॉटेलवाल्याचं, एकमेकांना न विचारता एकच उत्तर देतात, आणि आमच्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसांना साधी जोडी म्हणजे काय ते कळत नाही. आमचा खेळच जोडीचा आहे ना? दुहेरी म्हणतात त्याला.

पुण्याची एसटी शहागडच्या फाट्यावरच मिळाली. बशीर सर बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. दोघींचं काय होणार, हे विचारायचं होतं त्यांना, पण तो माणूस विचारायला तयार नव्हता. उलट मला म्हणाले की मॅडम, उजव्या पायावर काम करा. बस गेवराईच्या पुढे गेली तेव्हा मी स्वतःच सचिवसाहेबांना फोन लावला. सांगितलं की जिल्ह्यातून एक मुलगी नव्हे, एक जोडी मिळाली आहे, आणि येतील तर दोघी, नाहीतर एकही नाही. त्यांनी समजुतीचा सूर लावला. शिबिरातल्या जागा ठरलेल्या आहेत, एकाही जागेची भर घालता येत नाही. मग म्हणाले की हो, एखादी जागा रिकामी झाली तर गोष्ट वेगळी.

मला कळायचं ते कळलं. या माणसाने मला कोपऱ्यात घेतलं होतं आणि वर तोच मला दार दाखवत होता. मी इतक्या जोरात बोलले की पुढच्या बाकावरच्या आजी मागे वळून बघायला लागल्या. म्हटलं, माझी जागा घ्या. मी शिबिरातली जागा सोडते, खेळ सोडत नाही. निवड चाचणीला मी बाहेरून येईन, रांगेत उभी राहीन, आणि ज्यांना मला हरवायचं असेल त्यांनी हरवावं. पण त्या दोघी एकत्र येणार. त्यांनी 'बरं' म्हटलं, इतक्या पटकन की ते याचीच वाट बघत होते हे उघड होतं. फोन ठेवला. राग आलाय, असं मी स्वतःला सांगितलं. खरंतर रडू येत होतं.

तीनेक तासांनी बशीर सरांना कळवायला फोन केला. ते तोवर हसनाबादला पोहोचले होते. वखारीत सराव चालू असावा, मागे शटलांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. पलीकडे काहीतरी कुजबुज, झटापट, आणि फोन नाझनीनच्या हातात.

"मॅडम, तुम्ही उठून दिलेली जागा आमाला नको."

मी म्हटलं, तुला काही कळतंय का? ही जागा मिळायला लोक जन्म घालवतात.

"मंग आम्ही खेळून घेतो. तुम्ही एक जोडीदार आणा, आम्ही दोघी येतो. तुम्हाला हरवलं तर जागा आमची."

"आणि हरलात तर? एक जागा उरेल. मग ऋतुजा एकटी येईल?"

मागून ऋतुजाचा आवाज आला. दोन दिवसांत तिचं मी ऐकलेलं पहिलं धड वाक्य. "न्हाई येणार. हरलो तर दोघी घरी."

"ऐकलं ना?" नाझनीन म्हणाली. "आन आम्ही हरत न्हाई."

मी त्या कार्टीवर ओरडले. तुझ्या आईशी बोलू का, सरांशी बोलू का, हा काय पोरखेळ आहे, असं बरंच काही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की मॅडम, तुम्हाला भीती वाटून राह्यली का. मी फोन कापला. पुढच्या बाकावरच्या आजींनी मला एक गोळी (लिमलेटची) दिली. मी ती खाल्ली.

मग सचिवसाहेबांना पुन्हा फोन केला आणि सांगितलं की बदल आहे. दोघी येतील, शिबिराच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर माझ्या जोडीशी खेळतील, आणि जिंकल्या तर माझी जागा त्यांची. त्यांना हे मुळीच आवडलं नाही. दिलेलं घ्यायचं सोडून हे काय नवीन खूळ, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, घोडामैदान जवळच आहे. या वेळी फोन त्यांनी कापला, पण नाही म्हटलं नाही.

पुण्यात उतरले तेव्हा किटमधल्या चिखलाचं ढेकूळ झालं होतं आणि अंगाला सरकीचा वास येत होता. लोक मला बरीच वर्षं दोनच गोष्टी सांगत आले आहेत. काही म्हणतात, आता थांब. काही म्हणतात, अजून थोडं रेट. दोन्ही सांगणारे माझ्याकडे बसल्या जागेवरून बघतात. तुमची जागा आम्ही तुमच्याकडून खेळून घेणार, असं तोंडावर सांगणारी माणसं मला या वयात भेटली, तीही कापसाच्या ढिगात. मला त्याचा जेवढा राग आला, तेवढंच बरंही वाटलं. आपल्याकडे काहीतरी घेण्याजोगं आहे असं त्या पोरींना वाटतं.

जोडीदार म्हणून मी आमच्या शिबिरातली सगळ्यात दणकून मारणारी मुलगी मागून घेतली आहे. तिला मी रोज उंच, आणखी उंच शटल फेकायला लावते. सामन्यात आभाळ भरून फेकणार आहोत आम्ही. त्या दोघींची कच्ची बाजू मला ठाऊक आहे, आणि मी ती वापरणार. कुणी म्हणेल, पोरींना थोडं सोडावं. त्यांनी माझ्याकडे जे मागितलं आहे ते सोडून देण्यासारखं नाही. मी हातचं राखून हरले तर ती जागा मी उठून दिलेलीच होईल, आणि ती त्यांना नको आहे.

परवा सकाळच्या गाडीने दोघी येताहेत, सोबत ऋतुजाचे वडील आणि बशीर सर. मी उजव्या पायाचे व्यायाम वाढवले आहेत. इतकी भीती मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. येऊ देत.